पामीरच्या रेघेतले शंभर कोरे किलोमीटर : डोंगराळ देशांतल्या लांब सायकल सफरी, त्यातलं सुख आणि हाल

नभा :

परतून महिना झाला. भिंतीवर मध्य आशियाचा नकाशा लावलाय आणि त्यावर लाल पेनाने आमची वाट काढली आहे. ताजिकिस्तानातल्या दुशान्बेहून निघून पंज नदीच्या काठाकाठाने खोरोग, तिथून एम-४१ म्हणजे पामीर महामार्गाने वर पठारावर, अक-बाइताल खिंड, काराकुल सरोवर आणि मग उतरत उतरत किर्गिझस्तानातलं ओश. रेघ सलग नाहीये. अलिचुर ते मुर्गाब हा साधारण शंभर किलोमीटरचा तुकडा कोरा आहे. रोज येता-जाता नजर तिथेच जाते.

झालं ते असं. मी आणि दादा खोरोगला पोचलो तेव्हा पाय लोखंडासारखे झाले होते. तीन आठवडे चढ-उतार करून अंगात एक मस्ती आली होती. खोरोग साधारण २,१०० मीटरवर आहे. तिथून दोन दिवसांत जेलोंडीला, म्हणजे ३,५०० मीटरच्या आसपास आलो. तिसऱ्या दिवशी ४,२७२ मीटरची कोइतेझेक खिंड ओलांडली आणि पलीकडे ४,००० च्या आगेमागे तंबू टाकला. दम लागत होता, पण घाट म्हटल्यावर दम लागणारच, असं वाटलं.

रात्री डोकं फुटायला आलं. सकाळी तंबूची दोरी सोडवायला बसले तर गाठ दिसत होती, बोटं तिथे पोचत होती, पण पुढे काय करायचं ते सुचेना. दादाने मला उभं केलं आणि एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ चालून दाखव म्हणाला. चौथ्या पावलाला मी तोल जाऊन बसले. तरी त्याच्यावर चिडून ओरडले की मी ठीक आहे. त्याने एक शब्द बोलून न दाखवता दोन्ही सायकली रस्त्यावर आडव्या ठेवल्या, तासाभराने आलेला पहिला ट्रक थांबवला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही परत खोरोगला होतो. त्या रात्री मी पोटभर जेवले.

सहा दिवस विश्रांती घेतली. मग तोच चढ पाच दिवसांत, मुक्कामामागून मुक्काम करत पुन्हा चढलो आणि अलिचुरपर्यंत आलो. तोवर व्हिसाचे दिवस हातातून गेले होते, म्हणून पुढचे शंभर किलोमीटर जीपने. मुर्गाबपासून पुन्हा सायकल. अक-बाइताल, ४,६५५ मीटर, सायकलवरच केली. शेवटच्या खडीच्या चढावर चाळीस पायडल, मग उभं राहून वीस श्वास, पुन्हा चाळीस पायडल. हा हिशेब मला जन्मभर लक्षात राहील. वर पोचल्यावर दादा काही बोलला नाही, नुसता माझ्या हेल्मेटवर हात ठेवून उभा राहिला.

त्याला त्या कोऱ्या तुकड्याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं. इथे मोठ्या सफरी केलेले बरेच जण आहेत. तुमच्या रेघेत असे तुकडे आहेत का? आणि डोंगरातल्या सफरीचं सुख आणि हाल दोन्ही खरंखरं लिहा. निघण्याआधी मी जे वाचलं होतं त्यात नुसते सूर्यास्त होते.

धन्वंतरी७ :

नभाताई, आधी तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा. मी डॉक्टर आहे आणि सुट्टी मिळाली की सायकलवर असतो, म्हणून दोन्हीकडून लिहितो.

टाच-चवडा लावून सरळ चालता न येणं ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असू शकते. नुसती डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असेल तर आहे त्या उंचीवर थांबून बघता येतं. चाल बिघडली, बोलणं असंबद्ध झालं, माणूस कारण नसताना चिडू लागला, की थांबून बघायची वेळ गेलेली असते. खाली उतरवायचं, रात्र असली तरी. फुप्फुसात पाणी होण्याचा प्रकारही असाच जीवघेणा: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, ओठ निळसर. त्यालाही उतरणं हाच पहिला इलाज. गोळ्या आणि ऑक्सिजन हे उतरायला मिळेपर्यंतचे टेकू आहेत.

तुमच्या मजकुरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ‘पाय लोखंडासारखे झाले होते’ हे वाटलं. दमदार पायांचा आणि विरळ हवा सोसण्याचा काही संबंध नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि व्यायाम करून ते दिवस वाचत नाहीत. उलट तयारीचा सायकलस्वार जास्त धोक्यात येतो, कारण तो एका दिवसात जास्त उंची गाठू शकतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरहून जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा, असा नियम आहे. दिवसा खिंड कितीही उंच असो, रात्रीची उंची मोजायची. म्हणून नकाशा बघताना मी खिंडीच्या आकड्याआधी मुक्कामाचा आकडा बघतो.

ॲसिटाझोलामाइडची गोळी घेऊन जाणारे पुष्कळ असतात. ती शरीराला सवय लवकर व्हायला मदत करते, पण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

राहिला प्रश्न कोऱ्या तुकड्याचा. तुम्ही जीपने गेलात ते शंभर किलोमीटर मला दिसतच नाहीत. मला दिसतो तो ट्रक. सोबत्याच्या शिव्या खात सायकली रस्त्यावर आडव्या टाकायला धैर्य लागतं.

तिठा :

वाचतेय. दादांना माझाही नमस्कार.

आरेवाला :

धाग्याबद्दल आभार, नभा. हालांबद्दल लिहा म्हणालात, तर माझे बहुतेक हाल मागच्या चाकात झालेत.

किर्गिझस्तानात सोंग-कुल सरोवराकडे चढत होतो. सरोवर ३,०१६ मीटरवर आहे आणि वर जाणारे रस्ते मातीचे. मातीच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. त्यावरून भरलेली सायकल नेताना दात वाजतात. दुपारी कधीतरी ‘टण्ण’ असा आवाज आला. दगड उडाला असेल म्हणून दुर्लक्ष केलं. दोनशे मीटरवर मागचा ब्रेक दर फेऱ्याला एकदा घासायला लागला. उतरून बघतो तर मागच्या चाकाची तार तुटलेली, आणि तीही कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, बाजूची.

तार तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. मागच्या चाकात उजव्या बाजूला कॅसेटला जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा उभट बसतात आणि जास्त ताणलेल्या असतात. त्यात कॅरिअरवरचं ओझं मागे. आणि नेमकी ती तार बदलायची तर कॅसेट काढल्याशिवाय नवी तार हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, ओवताच येत नाही. माझ्याकडे तारा होत्या, नट फिरवायची चावी होती, कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग उघडायचं हत्यार मात्र घरी राहिलं होतं. शंभर ग्रॅम वाचवायला मीच ते काढून ठेवलं होतं.

त्या दिवशी कामी आली ती केव्हलारच्या दोरीची तात्पुरती तार. ती कॅसेट न काढता ओवता येते. सामान उतरवलं, सायकल उलटी केली, दोरी हबच्या भोकातून घातली, ताणली. मग एकेका तारेला बोटाने छेडत गेलो. सारख्या ताणाच्या तारा एका सुरात बोलतात, ढिली तार बोजड वाजते. ब्रेकचं रबर रिमच्या जवळ आणून तीच फूटपट्टी धरायची आणि जिथे घासतं तिथे शेजारच्या तारा पाव फेरा, पाव फेरा करत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. अर्धा फेरा एकदम दिला की चाक दुसरीकडे पळतं. दीड तास गेला. वारा इतका होता की हातातली चावी थंडीने बोटाला चिकटल्यासारखी वाटत होती. त्या दोरीवर मी पुढचे चार दिवस काढले.

तेव्हापासून मागचं चाक ३६ तारांचंच, आणि निघण्याआधी चांगल्या कारागिराकडून हाताने विणून, ताण मोजून घेतलेलं. बाकी सायकल साधी असली तरी चालते.

दुसरी गोष्ट गिअरची. डोंगरात वजन कसं छळतं त्याचा हिशेब मांडतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरा. हजार मीटर चढायला जेवढं काम होतं, त्यासाठी शरीराला साधारण हजार-अकराशे किलोकॅलरी जाळाव्या लागतात. हे फक्त उंचीचं झालं, वारा आणि खराब रस्ता वेगळा. दिवसाला दीड हजार मीटरचा घाट असेल तर दोन माणसांचं जेवण लागतं, हे अनुभवाने सगळ्यांना कळतं.

आता आठ टक्के चढावर एवढं वजन घेऊन सामान्य माणूस ताशी पाच किलोमीटरने जातो. पुढे २२ दात्यांचं आणि मागे ३६ दात्यांचं चक्र असेल आणि चाक २६ इंची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वा मीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटाला पासष्टएक फेरे, पाय हलके फिरतात. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल, चाकही मोठं, तर मिनिटाला चाळीसही फेरे होत नाहीत आणि प्रत्येक फेरा गुडघ्यातून काढावा लागतो. गुडघे गेले की सफर संपली. दुकानात सायकल बघताना सगळे वरचा गिअर बघतात. लांबच्या घाटासाठी खालचा बघा.

कोऱ्या तुकड्याचं म्हणाल तर माझ्या रेघेत तीन आहेत. त्यातला एक मोठ्या बोगद्याचा. ताजिकिस्तानात अंझोबचा पाच किलोमीटरचा बोगदा २००६ साली उघडला. आत अंधार, धूर, पाणी साचलेलं, वायुवीजन नावाला, असा त्याचा लौकिक होता. मी ट्रकमध्ये सायकल टाकली. आजही टाकेन.

अखंड :

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि नभाताईंच्या आजारपणाचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही उतरलात ते योग्यच केलंत.

पण रेघेचं दुःख खरं आहे. ‘त्यात काय एवढं’ असं म्हणून ते उडवून लावू नये. सायकलवर देश ओलांडताना एक गोष्ट हाताला लागते, जी दुसऱ्या कशाने मिळत नाही: जमीन जोडलेली असल्याची खात्री. नदीकाठच्या जर्दाळूच्या बागेतून सकाळी निघायचं आणि चार दिवसांनी गवताचं पातं नसलेल्या पठारावर पोचायचं, आणि मधल्या प्रत्येक पायरीला आपण तिथे होतो हे ठाऊक असणं. झाडं कुठे संपली, नदीचा रंग कुठे बदलला, कुठल्या वळणानंतर माणसांचे आवाज बंद झाले. एक जीप मध्ये आली की दोन चित्रं उरतात, मधला धागा तुटतो.

म्हणून मी शक्यतो वाहन घेत नाही. चढता आलं नाही तर ढकलतो. बोलिव्हियाच्या पठारावर, ४,००० मीटरच्या वर, वाळूत एकदा सलग दोन दिवस ढकललं आहे. ताशी तीन किलोमीटर. चाकं वाळूत रुतायची, हँडलच्या मुठीने तळव्याची सालं निघाली, आणि रात्री करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला संवेदनाच नसायची, कारण तळव्यातली नस दिवसभर दाबली जाते. पण नकाशावर ती रेघ आहे आणि ती बघून मला जे समाधान वाटतं ते मी नाकारणार नाही.

तुम्हाला तो तुकडा सलत असेल तर सलू द्या. आणि जमेल तेव्हा परत जा.

शेवाळ :

अखंड, तुमचा प्रतिसाद आवडला. जमीन जोडलेली असल्याची खात्री, अगदी हेच. तरी एक जुनी गोष्ट सांगते.

सायकलवरून जगाला वळसा घालणारा पहिला माणूस म्हणून थॉमस स्टीव्हन्सचं नाव घेतात. एप्रिल १८८४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, पुढचं चाक भलं मोठं आणि मागचं चिमुकलं अशा उंच सायकलवर. त्या सायकलला गिअर नव्हते, पायडल थेट पुढच्या चाकाला. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फ होता म्हणून तो रेल्वेच्या रुळांवर बांधलेल्या लाकडी हिमछपरांखालून सायकल ढकलत गेला. पुढे १८८६ साली अफगाणिस्तानात त्याला अडवलं, पकडून परत इराणच्या हद्दीत नेऊन सोडलं. मग त्याने काय केलं? मोठा वळसा घेऊन जहाजाने कराचीला आला, लाहोरपर्यंत आगगाडीने गेला आणि तिथून पुन्हा सायकलवर बसून कलकत्त्याला पोचला. डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला सफर पूर्ण झाली. त्याच्या रेघेत केवढा मोठा कोरा तुकडा आहे बघा, तरी नाव त्याचंच घेतलं जातं.

आता माझं. मी एकटी फिरते. चढाचा मला त्रास वाटत नाही, माझी परीक्षा ओढे बघतात. उन्हाळ्यात डोंगरातले रस्ते बर्फ वितळून आलेल्या पाण्याने जागोजागी कापलेले असतात. दुपारी चार वाजता मांडीपर्यंत, गढूळ, आणि तळाचे धोंडे गडगडताना ऐकू येतात. त्याच ओढ्याला पहाटे पाचला घोट्याएवढं नितळ पाणी असतं, कारण रात्री वर सगळं गोठलेलं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी दुपारी घुसले, मध्यावर सायकल पाण्याने उचलली गेली आणि एक पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला लटकवायची पिशवी, वाहून गेलं. त्यात स्वेटर होते आणि खाण्याचं अर्धं सामान. मी हँडल सोडलं नाही, एवढंच. आता दुपारी ओढा आडवा आला की अलीकडेच तंबू लावते. पहाटे उठून चपला घालून, अनवाणी नाही, आधी सामान दोन खेपांत पलीकडे नेते आणि मग सायकल, पाण्याच्या वरच्या अंगाला स्वतः राहून. म्हणजे सायकल वाहिली तरी माझ्या अंगावर येत नाही.

त्या पहाटेच्या ओढ्यापलीकडचं सुख कसं सांगू! पाय बधिर झालेले असतात. दगडावर बसून ते चोळत असताना समोरच्या कड्याच्या माथ्यावर ऊन येतं आणि खाली सरकत सरकत आपल्याकडे येऊ लागतं. मी ते ऊन पायाला टेकेपर्यंत बसून राहते. घाई करून काय करायचंय. मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी, बिळातून निघून शिट्ट्या घालतात. ताशी पाचच्या वेगाने जाणाऱ्याला ते बिळातही पळत नाहीत, मान वळवून बघत राहतात.

नवा_गडी :

मी दोन वर्षं रोज सायकल चालवतो, पण सपाटीवर. पुढच्या वर्षी डोंगराळ देशात महिनाभर जायचं मनात आहे. एकदम पामीरला जाऊ का? आणि मला उताराची भीती वाटते, चढाची नाही. हे बरोबर आहे ना?

आरेवाला :

नव्या गड्या, उताराची भीती वाटते हे उत्तमच आहे. चढावर मिळवलेली सगळी उंची उतारावर ब्रेकमध्ये जिरते. वरचेच ११० किलो हजार मीटर उतरवले आणि सगळा वेग ब्रेकनेच मारला, तर तेवढ्या उष्णतेत तीन लिटर थंड पाणी उकळीला येईल. रिम ब्रेक असेल तर ती उष्णता रिममध्ये जाते, आणि रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते. डिस्क असेल तर चकती तापते, हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर तेल जुनं झाल्यावर उकळून लिव्हर नुसताच आत जातो. म्हणून ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. सरळ पट्ट्यात वेग घेऊ द्यायचा, शरीर ताठ करून वाऱ्याला ब्रेक लावू द्यायचा, आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून सोडायचे. उतार लांबच लांब असेल तर मध्ये थांबा. रिमला हात लावू नका, बोटावर थेंबभर पाणी घेऊन टाकून बघा. चुरचुरलं तर अजून थांबा. ब्रेकच्या रबरांचे दोन जोड जवळ हवेतच, ओल्या चिखलात एक जोड आठवड्यात संपलेला पाहिलाय.

शेवाळ :

आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, जाकीट आणि हातमोजे. अंग घामाने भिजलेलं असतं. हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, वर वारा. दहा मिनिटं थांबून तसंच उताराला लागलात तर बोटं ब्रेक दाबायला उरत नाहीत.

धन्वंतरी७ :

पहिल्याच वेळी पामीर नको असं माझं मत. आल्प्सपासून सुरुवात करा. इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर आहे. प्रातो गावाच्या बाजूने ४८ तीव्र वळणं आणि २४ किलोमीटरचा चढ. सामान घेऊन ताशी सहाने गेलात तर चार तास सलग चढणं म्हणजे काय ते कळतं, आणि तरी उंचीचा आजार सहसा आड येत नाही, कारण रात्री झोपायला तुम्ही पुन्हा खाली असता. तिथे चुकलात तर गाव दहा किलोमीटरवर असतं. पामीरच्या पठारावर तसं नाही. पाण्याचा फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, आतलं पाणी गोठलं तर त्याच्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पोट बिघडणं हा अशा सफरींतला नेहमीचा आजार आहे, क्षारसंजीवनी जवळ ठेवाच.

तिठा :

एवढा वेळ नुसती वाचत होते, आता लिहितेच. कुणी सोबतीबद्दल लिहिलं नाही. मी आणि माझा नवरा चिलीतल्या कार्रेतेरा आउस्त्राल या रस्त्यावर गेलो होतो. साधारण बाराशे किलोमीटर, उंची फार नाही, पण एकामागून एक चढ आणि पाऊस. त्याचा चढाचा वेग माझ्या दीडपट. पहिले दहा दिवस तो वर जाऊन थांबायचा, मी पोचले की तो ताजातवाना, निघायला तयार. मी पोचायचे तेव्हा त्याची विश्रांती संपलेली असायची आणि माझी सुरूच व्हायची नाही. अकराव्या दिवशी मी भर पावसात सायकल टाकून रडले. बाराशे किलोमीटरमधलं ते एकच भांडण, पण दहा दिवस साठलेलं.

त्यानंतर नियम केला. वर जो आधी पोचेल त्याने दुसरा आल्यावरही पंधरा मिनिटं बसायचं. शिवाय जड सामान, म्हणजे तंबू, स्टोव्ह आणि हत्यारं, त्याच्याकडे गेलं. वेग आपोआप सारखा झाला. उरलेल्या दिवसांत आम्ही चढावर गप्पा मारत गेलो. घाटात गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवणं हे मला त्या सफरीचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. नभा, तुमच्या दादाने हेल्मेटवर हात ठेवला हे वाचून मला तेच आठवलं.

नभा :

सगळे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. नमस्कारांना त्याने काही उत्तर दिलं नाही, उठून पाणी प्यायला गेला.

अखंड, तुमचं म्हणणं मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. त्या जीपमधून मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला शंभर किलोमीटरमधलं काहीच आठवत नाही. एक नदी होती, इतकंच. उलट कोइतेझेकचा चढ मी दोनदा केला, त्याचं प्रत्येक वळण डोळे मिटून सांगू शकते. कुठे रस्त्याला पाणी आडवं येतं, कुठे वारा पाठीवरून छातीवर येतो. दुसऱ्या वेळी चढताना दुपारी दोनला वारा सुटायच्या आत मुक्काम गाठायचा असं ठरवलं होतं, म्हणून रोज दुपारभर तंबूच्या दारात बसून होते. एकदा एक मेंढपाळ मुलगी आली, माझ्या सायकलची घंटी वाजवून बघितली, पुन्हा पुन्हा, आणि मग शेजारी बसून राहिली. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पहिल्या वेळी मी त्याच जागेवरून मान खाली घालून वीस मिनिटांत निघून गेले होते.

त्यामुळे शेवाळ म्हणतात तसा स्टीव्हन्सचा तुकडा मला दिलासा देतो, आणि अखंड म्हणतात तसं माझं सलणंही जात नाही. दोन्ही असू देत.

अखंड :

नभाताई, दोनदा चढलेल्या घाटाचा मी विचारच केला नव्हता. माझ्या रेघेवर प्रत्येक जागा एकदाच आहे.

जाणार असाल परत, तर सांगा. अलिचुर ते मुर्गाब माझंही राहिलंय, मी तेव्हा दुसऱ्या वाटेने गेलो होतो.

नभा :

पुढच्या ऑगस्टात. पण खोरोग ते अलिचुर पाच दिवसांत, त्याहून लवकर नाही. दादाची अट आहे.

नवा_गडी :

स्टेल्व्हिओचं ठरवलं, पुढच्या जुलैत. आज चाक काढून तारा मोजल्या. मागच्या डाव्या बाजूच्या २९२ मिलिमीटर, कॅसेटच्या बाजूच्या २९०. प्रत्येकी चार आणि कॅसेट उघडायचं हत्यार मागवलंय. आरेवाला, चार पुरतील ना?

आरेवाला :

डाव्या दोन पुरे. उजव्या सहा घ्या. सीटच्या नळीत कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे वाजत नाहीत.